बाळाच्या नावाची चौकट

त्या शनिवारी मी दुकानात गेले ती फक्त एक अर्ज भरायला.

वहिनीने चहाचा थर्मास माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "अमोंडी, दादाला सांग, आज तेवढं करच म्हणावं. सोमवारी बाळाला मोठ्या दवाखान्यात न्यायचंय. विम्यात तिचं नाव नसेल तर दारातूनच परत पाठवतील."

बाळ तिच्या खांद्यावर होतं आणि रडत होतं. जन्मल्यापासून ते रडतच होतं. आता आवाज बसला होता, कोरड्या लाकडावर कानस घासावी तसा नुसता श्वास येत होता. दूध तोंडाशी नेलं की मान फिरवायचं. मनगटावर जन्मताना वळ्या होत्या, त्या गेल्या होत्या. इथल्या डॉक्टरांना काही सापडत नव्हतं.

आमच्याकडे असं बाळ रडायला लागलं की मोठी माणसं औषधाबरोबर नावही शोधतात. घरातलं कुणी गेलेलं माणूस परत यायला बघतं, कुणाच्या तरी स्वप्नात येऊन आपलं नाव मागतं. बाळाला त्या नावाने हाक मारली की ते शांत होतं. मीही अशीच रडत होते म्हणे. वडिलांच्या आत्याचं नाव मिळालं तेव्हा गप्प झाले.

म्हणून रोज सकाळी चहा ओतता ओतता आई विचारायची, "काल कुणाला काही स्वप्न पडलं का?"

"स्वप्न पडायला आधी झोप लागते, आई," दादा म्हणायचा. वहिनी मान हलवायची. मीही हलवायचे. आजोबांच्या आईचं नाव हाकारून झालं, वडिलांच्या बहिणीचंही झालं. बाळ रडतच होतं.

दादाचं दुकान सरोवराकाठी, म्बिताच्या धक्क्याजवळ आहे, आमच्या घरापासून चार पावलांवर. पुढे गिऱ्हाइकांसाठी चार कॉम्प्युटर, आणि मागे कापडी पडद्याआड एक जुनं यंत्र. त्याला दादा सर्वर म्हणतो. लोकांना सरकारी अर्ज भरायची फार धास्ती असते, म्हणून त्याने एक स्क्रिप्ट लिहिली आहे. माणसाने आपली माहिती एकदाच द्यायची. पुढे कुठलाही अर्ज उघडला की पडद्यामागचं यंत्र ती माहिती ज्या त्या चौकटीत भरून देतं. आपण फक्त तपासायचं आणि छापायचं.

शेजारी मासे तळणारी पिलिस्ता त्याची फार थट्टा करते. त्या दिवशीही मी आत शिरताना ती कढईपाशी बसून ओरडली, "ओमोलो, तुझं ते यंत्र मला दे रे! विचारायच्या आधी उत्तर देतं. माझ्या नवऱ्याला तर तीनदा विचारलं तरी तोंड उघडत नाही!"

"नवऱ्याची माहिती आधी भरावी लागेल, काकू," दादा आतून म्हणाला. "यंत्र मनाचं काही लिहीत नाही. दिलंय तेवढंच भरतं. नाही दिलं तर चौकट रिकामी ठेवतं."

हे तो सगळ्यांनाच सांगतो. पण त्या दिवशीचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

चहा ओतेपर्यंत बाहेरचा उजेड कमी झाला. मला वाटलं ढग आले. मग लक्षात आलं, सरोवरावरून चिलटं येत होती. वर्षातून काही वेळा येतात, धुराच्या लोटासारखी. धक्क्यावरच्या बायकांनी मासे झाकले. पिलिस्ताने चूल विझवली. रस्त्यावरचे दिवे एकेक करून बंद झाले, कारण जिथे उजेड दिसेल तिथे ती घुसतात. दादाने शटर अर्ध्यावर ओढलं, बल्ब मालवला आणि एकच स्क्रीन चालू ठेवली. त्या निळसर उजेडात त्याचे डोळे फार खोल गेलेले दिसत होते.

शटरवर चिलटं आपटत होती. बारीक वाळू कुणी सतत ओतत असावं तसा आवाज.

"बाळाचं नाव काय लिहू?" मी विचारलं.

"रिकामं ठेव. बाकीचं तर भरून घेऊ."

त्याने कळ दाबली. अर्ज उघडला. बापाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, घर, सगळं नीट भरलेलं होतं. सगळ्यात वर, बाळाच्या नावाच्या चौकटीत, एक शब्द होता.

अगोला.

"तू लिहिलंस?" दादाने विचारलं.

"नाही. मी कीबोर्डला हातसुद्धा लावला नाही."

"मग कुणाचा तरी जुना अर्ज मध्ये अडकला असेल." तो हसला. साठवलेल्या सगळ्या माहितीत त्याने ते नाव शोधलं. ते कुठेच नव्हतं. त्याने चौकट पुसून अर्ज पुन्हा उघडला. अगोला. मग त्याने स्क्रिप्टमधली नाव भरणारी ओळच काढून टाकली. आता ती चौकट भरायला यंत्राला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

अर्ज उघडला. अगोला.

"अगोला म्हणजे ओसरीवर जन्मलेली," दादा हळू आवाजात म्हणाला. "आपलं बाळ तर दवाखान्यात जन्मलं. हे नाव आपल्याकडे सुचायचंसुद्धा नाही कुणाला."

तो उठून पडद्यामागे गेला.

"अमोंडी... इकडे ये जरा. याला हात लाव."

ते यंत्र नेहमी इतकं तापतं की दादा त्याच्यावर ओले मोजे वाळत घालतो. मी हात ठेवला. ते गार होतं. नुसतं गार नाही, ओलसर. पडद्यामागे वास येत होता, काठाच्या लव्हाळ्यांत खोल पाय गेला की चिखलातून वर येतो तसा. यंत्राचा पंखा मात्र फिरत होता. थांबत होता, फिरत होता. दमलेलं माणूस श्वास घेतं तसा.

तेवढ्यात शटरखालून कुणीतरी वाकून आत आलं. मी किंचाळणार होते, पण ती आई होती. डोक्यावरून कांग्याचं सुती कापड गुंडाळलेलं, पाठीला बाळ बांधलेलं.

"नेरेयाला जरा पडू दिलंय," ती वहिनीबद्दल म्हणाली. "चार दिवस पाठ टेकली नाही पोरीने. झाला का अर्ज?"

आईने स्क्रीनकडे पाहिलं.

मी फार बोलत नाही, म्हणून माणसांचे चेहरे बघत बसायची मला सवय आहे. नवीन काही वाचलं की माणसाच्या कपाळाला आठी पडते. आईच्या कपाळाला आठी पडली नाही. तिने तो शब्द वाचला आणि मागे वळून दाराकडे पाहिलं. पुढचं दार लावून घ्यावं आणि पाहुणा मागच्या दाराने येऊन बसलेला दिसावा, तशी ती दिसत होती.

"बंद कर ते," ती म्हणाली.

"आई, अगोला कोण?"

"बंद कर म्हटलं ना, ओमोलो!"

दादाने स्क्रीन मालवली. अंधारात बाळाचा श्वास घासत होता. आणि मग कोपऱ्यातल्या प्रिंटरने आपणहून कागद ओढला. एक... मग आणखी एक... आम्ही तिघं उभे राहून तो आवाज ऐकत होतो. कागद खाली घरंगळत माझ्या पायाशी आला. शटरच्या फटीतल्या उजेडात मी तो धरून पाहिला. बाकीच्या सगळ्या चौकटी कोऱ्या होत्या. वरची एकच भरलेली होती.

बाळाचा श्वास अडखळला, पुन्हा सुरू झाला. आता दोन श्वासांमध्ये जास्त वेळ जात होता.

मला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "आई... तुलाच स्वप्न पडतंय ना?"

तिने पाठीवरच्या बाळाची गाठ चाचपली.

"रोज आम्हाला विचारतेस. तुला कुणी विचारलंच नाही."

आई खुर्चीवर बसली. पाठीवरचं बाळ सोडून तिने मांडीवर घेतलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"बाळ आलं त्या रात्रीपासून येते," ती म्हणाली. "पायरीवर उभी राहते. अंगावरचे कपडे निथळत असतात. बोलत काही नाही. मी दार लावून घेते... स्वप्नातच. सकाळी तुम्हाला विचारायचे. वाटायचं, दुसऱ्या कुणाला दुसरं कुणीतरी दिसलं असेल. देव करो नि दिसलेलं असो."

"पण कोण?" दादा म्हणाला.

"तुझी आई."

चिलटांचा आवाज एकदम फार मोठा वाटला.

"तेव्हा आम्ही सगळे सरोवरातल्या बेटावर राहायचो. ती बाजाराला इकडे येत होती, होडी उलटली. सरोवराने तिला परत दिलंच नाही. प्रेत मिळालं नाही की माणसाच्या जागी यागोच्या झाडाचं लांबट फळ पुरतात, तसं पुरलं. तुझ्या बापाने मला आणलं. तू दीड वर्षाचा होतास. पहिल्याच दिवशी तू मला आई म्हणालास... मी नाही म्हटलं नाही." ती थांबली. "इकडे आलो तेव्हा कुणाला काही माहीत नव्हतं. सगळा बाजार मला मिन ओमोलो म्हणायला लागला. ओमोलोची आई. माझं दुसरं नाव कुणाला ठाऊकसुद्धा नाही. तिचं नाव घरात आलं असतं, तर हे नाव मला तिला परत द्यावं लागलं असतं."

"म्हणून तू बाळाला..." दादाचा आवाज चिरकला.

"मी दार लावलं की ती जाईल असं वाटलं होतं. ती तुझ्याकडे आली. पण तू कुठे झोपतोस? रात्रभर ह्या यंत्रापुढे बसतोस. मग बिचारीने काय करायचं? जिथे रिकामी जागा दिसली तिथे..."

तिने पुढचं वाक्य सोडून दिलं. बाळाला उचलून तोंडासमोर धरलं. मला वाटलं, ती म्हणणार नाही.

"अगोला," ती म्हणाली. मग मोठ्याने, नदीपलीकडच्या माणसाला हाकारावं तशी, "अगोला! ये बाई. आत ये."

बाळाने श्वास घेतला आणि तो घासला नाही. त्याने डोळे उघडले. आईकडे बराच वेळ पाहिलं, लहान मूल पाहत नाही इतका वेळ. मग तोंड हलवत तिच्या छातीशी काहीतरी शोधायला लागलं.

"भूक लागलीय तिला," आई रडत म्हणाली. "घेऊन जा, नेरेयाकडे घेऊन जा..."

दादा हलला नाही. तो आईकडे पाहत होता आणि मला त्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. तेवढ्यात बाहेरून शटरवर थाप पडली. चिलटं ओसरली होती. पिलिस्ता विचारत होती, "मिन ओमोलो आत आहे का गं? तिची चाळण माझ्याकडे राहिलीय."

आईने मान खाली घातली.

"आहे, काकू," दादा म्हणाला. "मिन ओमोलो इथेच आहे. आत या."

बाळ त्या संध्याकाळी पोट भरून प्यालं आणि झोपलं. सोमवारी मोठ्या दवाखान्यात जायची गरज पडली नाही. आता तिच्या मनगटावर पुन्हा वळ्या आल्यात. मोजे वाळण्याइतकं ते यंत्रही परत तापायला लागलं.

इथे हे संपायला हवं होतं.

पण विम्याचा अर्ज अजून पडून होता. परवा शाळेतून आल्यावर मीच तो भरायला बसले. पहिल्या पानावर नाव बरोबर होतं, या वेळी ते आम्हीच दिलेलं होतं. मी दुसरं पान उघडलं. तिथे घरातल्या सगळ्या माणसांची यादी असते. दादा, वहिनी, आई, मी, अगोला. वडील गेल्यापासून आम्ही पाचच.

यंत्राने सहा ओळी भरल्या होत्या.

सहाव्या ओळीत नावाची चौकट रिकामी होती. जन्मतारखेची रिकामी होती. फक्त कुटुंबप्रमुखाशी नातं काय, तिथे लिहिलेलं होतं. माझ्या ओळीत बहीण असं होतं. या ओळीत होतं, भावंड.

मी ओळ पुसली. ती परत आली. नाव नसल्यामुळे अर्ज पुढे जाईना.

मी दादाला काही सांगितलं नाही. आईला चुलीपाशी जाऊन हळूच विचारलं, "होडीत ती एकटीच होती का?"

आईच्या हातातली पळी थांबली. "सातवा महिना होता तिला," ती म्हणाली. मग पुन्हा पळी फिरवत म्हणाली, "फळ आम्ही एकच पुरलं."

आज सकाळी चहा ओतता ओतता आईने पुन्हा विचारलं, "काल कुणाला काही स्वप्न पडलं का?"

दादाने तिच्याकडे पाहिलं. वहिनीनेही पाहिलं. अगोला माझ्या मांडीवर गाढ झोपली होती, तोंड घट्ट मिटून. आम्ही सगळे ऐकत होतो. बंद दुकानाच्या बाजूने, अगदी बारीक, कोरड्या लाकडावर कानस घासावी तसा आवाज येत होता.