मागचे यायचेत

तो पंप आधी खाली ठेव. टायर काही पळून जात नाही. उद्या एवढ्या थंडीत टेकडीवर सायकली घालणार म्हणताय, घाला, मी काही अडवणारा नाही. पण हे ऐकून जा. आणि मध्येच कुणी ‘काका, खरंच का?’ असं विचारलंत, तर मी सरळ उठून झोपायला जाईन.

पलीकडच्या गल्लीतला सायकलमिस्त्री तुम्ही पाहिलाय. त्याच्याच बाबतीत घडलेलं आहे. गेल्या डिसेंबरातली एकवीस तारीख, शनिवार, वर्षातली सगळ्यांत मोठी रात्र. निघाला तेव्हा मात्र चांगला उजेड होता. टेकडीच्या माथ्यावर जंगलाची चौकी आहे, तिथल्या रखवालदाराच्या सायकलीचा ब्रेक तुटला होता. रखवालदार नवा, नुकताच बदली होऊन आलेला. मिस्त्रीनं पिशवीत ब्रेकची तार टाकली, पाना-पक्कड घेतली आणि सायकलवरून गाडीरस्त्यानं निघाला. चहाच्या वेळेला पोचायचं, जेवायला घरी. साधं काम.

आता तुम्ही म्हणाल, जवळची पायवाट असताना लांबचा गाडीरस्ता कशाला? त्या पायवाटेवर त्यानं वर्षभर चाक घातलं नव्हतं.

मिस्त्री, मास्तर आणि लंबू हे तिघं शाळेपासूनचे जिवलग. मास्तर मुलांना गणित शिकवायचा, लंबू बेकरीत भट्टीवर होता. लंबू इतका उंच, की सायकलवर बसला म्हणजे गुडघे कानाला लागतील असं वाटायचं. लग्न केलं नव्हतं, घरात तो आणि त्याची आई. थंडी पडली की तिघं दर रविवारी सायकली घेऊन ती पायवाट चढायचे, माथ्याखालच्या फाट्यापर्यंत जायचे आणि पलीकडच्या उतारानं घरी यायचे. चिखल असो, धुकं असो, बर्फ पडो, यांचं वेड काही कमी होत नव्हतं. नियम एकच, तोही लंबूनंच घातलेला. वाट फुटली की पुढच्यानं थांबायचं. मागचे डोळ्यांनी दिसल्याशिवाय हलायचं नाही.

आणि त्याच्या आदल्या डिसेंबरात असं झालं, की लंबू नेहमीप्रमाणे पुढे निघून गेला, मिस्त्रीची साखळी निम्म्या चढावर तुटली, आणि बर्फ पडायला लागला. साधासुधा नव्हे, हातभर अंतरावरचं दिसेना. फोनला रेंज नाही. मास्तर म्हणाला, “तो काय कुक्कुलं बाळ आहे? हवा बघून पलीकडून उतरला असेल एव्हाना.” मिस्त्रीलाही ते पटलं. खरं सांगायचं तर थंडीनं बोटं गेली होती, म्हणून पटलं. दोघं सायकली ढकलत खाली आले आणि मास्तरच्या घरी चहा घेत बसले.

संध्याकाळी लंबूच्या आईचा फोन आला. “अरे, तो तुमच्याकडेच बसलाय का?”

दुसऱ्या दिवशी सापडला. फाट्यावर, दगडाला टेकून बसलेला. सायकल शेजारी नीट उभी. तोंड खालच्या वाटेकडे, हे दोघं जिथून येणार होते तिकडे.

आईनं एका शब्दानं दोष दिला नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं मिस्त्री मला एकदा म्हणाला होता. मास्तरनं सायकल विकून टाकली. दोघं एकमेकांना रस्त्यात दिसले तरी खाली मान घालून जायचे. वर्षभर हे असं चाललं.

तर त्या शनिवारी चौकीत ब्रेक बसवून झाला. बाहेर अंधार पडला होता, बर्फाची भुरभुर सुरू झाली होती. रखवालदार शेकोटीत लाकूड सारत म्हणाला,

“तुम्ही सायकलवाले एकमेकांना ओळखता ना? मग त्या उंच माणसाला जरा समजवा.”

“कुठल्या?”

“खाली फाट्यावर उभा असतो. बर्फ पडायला लागला की त्याचा दिवा दिसतो. परवा मी इथून हाक मारली, म्हटलं, अहो, वर या, शेकायला बसा. तर म्हणतो, नको... मागचे यायचेत.”

मिस्त्रीनं पक्कड पिशवीत टाकली. पैसे घ्यायचंही विसरला.

चौकीपासून फाटा खाली हाकेच्या अंतरावर. पाच मिनिटांत पोचला असता. पण तो तिकडून गेला नाही. लंबू खालच्या वाटेकडे बघतोय, आपण वरून कसे जाणार? गाडीरस्त्यानं तो पार पायथ्याशी उतरला आणि पायवाटेला लागला. वर्षापूर्वी अर्धी सोडलेली चढण त्याला पुरी करायची होती. भीती वाटत नव्हती का? वाटत होती की. पण आपला माणूस तिथे थंडीत उभा आहे, ही गोष्ट भीतीपेक्षा मोठी होती.

साखळी तुटली होती ती जागा गेली. पुढे झाडी दाट झाली. मग वाराच थांबला. बर्फ पडत होता, पण आवाज नाही. स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येईना.

शेवटचं वळण आलं.

दिवा होता.

फाट्यावर, सायकलीच्या उंचीवर. जळत होता आणि त्याचा उजेड बर्फावर पडत नव्हता. दिव्यामागे कुणीतरी उभं होतं... उंच. मिस्त्री सायकलवरून उतरला.

“लंबू... आलो रे.”

तो एक पाऊल पुढे गेला.

“मी आलोय. मिस्त्री.”

दिवा हलला नाही. मिस्त्रीच्या खांद्यावरून मागे, वाटेकडेच रोखलेला. आणि त्याच्या एकदम लक्षात आलं. एकच आलाय. दुसरा अजून यायचाय.

“मास्तर नाही आला,” तो म्हणाला. आता त्याला रडू आवरेना. “आम्ही... आम्ही त्या दिवशी अर्ध्यातूनच परत फिरलो रे. वाटलं, तू गेला असशील. आम्ही चहा पीत बसलो होतो, लंबू... तू इथे होतास आणि आम्ही चहा...”



खूप वेळ गेला. किती, ते त्यालाही सांगता येत नाही. मग आवाज आला. अगदी हळू. नेहमीचाच.

“पडलं नाही ना कुणी?”

“...नाही.”

“दोघं बरे आहात?”

मिस्त्रीनं फक्त मान हलवली. वर्षभर तो माणूस यांच्या काळजीनं उभा होता, पोरांनो. आपल्याला सोडून गेले म्हणून नव्हे.

“चल घरी,” मिस्त्री कसाबसा म्हणाला. “आई वाट बघते.”

तो पलीकडच्या उताराला लागला. वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं मागे चाकाची टिकटिक सुरू झाली. तो हळू झाला की तीही हळू. गाव येईपर्यंत... मागे... तशीच. मास्तरच्या गल्लीच्या तोंडाशी ती वळली. आणि थांबली.

मिस्त्री घरी जाऊन दाराला कडी घालून बसला. झोप कसली येते.

उजाडताच तो मास्तरकडे गेला. मास्तर दारातच उभा होता, डोळे सुजलेले. वर्षानं पहिल्यांदा बोलला.

“रात्री तू आला होतास का रे? मी खिडकीशी होतो. खाली दिवा दिसला. वाटलं तूच असशील, म्हणून हात केला. त्यानंही हात केला... आणि गेला.”

मिस्त्रीनं खाली पाहिलं. ताज्या बर्फात टायरची एक रेघ होती. खिडकीखाली थांबून पुढे गेलेली. दोघं तिच्या मागोमाग चालत गेले, बेकरीवरून, पाण्याच्या टाकीवरून, थेट लंबूच्या घरापर्यंत.

आई अंगणात झाडू घेऊन उभी होती. झाडत नव्हती. रेघ फाटकातून आत आली होती, अंगणातून सरळ दाराच्या उंबऱ्यापर्यंत. तिथे संपली होती.

परत गेल्याची खूण कुठेच नव्हती.