बिनमांडवाचं आवतण

पबमध्ये वाजवायची गाणी ठरवणं म्हणजे घरच्या लग्नाचं जेवण ठरवणं. प्रत्येकाला आपला एक पदार्थ घालायचा असतो आणि दुसऱ्याचा एक काढायचा असतो. ठाण्याच्या वागळे इस्टेट या कारखान्यांच्या वसाहतीतल्या आमच्या भाड्याच्या गाळ्यात कितीतरी दुपारी या भांडणातच गेल्या. गिटारवाला विनीत कल्याणहून यायचा, ड्रमर संदेश डोंबिवलीहून आणि गाणारी मैथिली नौपाड्यातून. मी दिपेश, बास गिटार वाजवतो. बास वाजवणारा नसला तर लोकांना जाणवतं, असला तर कुणी बघत नाही. मला तेच बरं वाटायचं.

पब म्हणजे इस्टेटमधलाच एक बंद पडलेला छापखाना. पहिल्या मजल्यावर उंच खिडक्या तशाच ठेवून टेबलं मांडलेली. रविवारी दुपारी, लोक जेवायला येतात तेव्हा वाजवायचं होतं. मॅनेजरची अट एकच होती. बाकी काय ते वाजवा, पण एक गाणं मराठी हवं, आणि ते कुणी कुठे ऐकलेलं नको. जमलं तर दर महिन्यातला एक रविवार आमचा.

विनीतने दोन चाली आणल्या. दोन्ही कुठल्या तरी जाहिरातीसारख्या वाटल्या. सगळे वैतागलेले असताना मी बासच्या तारेवर एक चाल छेडली आणि तोंडातल्या तोंडात गुणगुणलो.

संदेशने काठ्या खाली ठेवल्या. “हे काय आहे? कुठून उचललंस?”

“असंच. सुचलं.”

“तू बनवतोस, हे कधी बोलला नाहीस,” मैथिली म्हणाली, आणि तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेसाठी मी आणखी चार खोट्या गोष्टी सांगितल्या असत्या.

सुचलं वगैरे काही नव्हतं. माझी आत्या मनुबाई धवलारीण आहे. आमच्या कोळ्यांच्या लग्नात भटजी येण्याआधी धवलारीण मांडवात बसते आणि धवले गाते. आधी देवांना आवतण, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. आमच्या चेंदणी कोळीवाड्यात तिच्याशिवाय हळद लागत नाही. एरवी ती मासे विकते. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं आणि अजून आम्ही दोघंच राहतो. बँडमध्ये मी ‘ठाण्यात, स्टेशनजवळ’ एवढंच सांगितलेलं. कोळीवाडा स्टेशनजवळच आहे, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. प्रॅक्टिसला निघताना मी हातांना लिंबू चोळायचो, मासळीला बोट लावलेलं नसलं तरी. चोळताना स्वतःची लाज वाटायची, आणि तरी चोळायचो.

शब्द हवे होते म्हणून दुसऱ्या दिवशी आत्याजवळ बसलो. ती दारात सुके बोंबील निवडत होती.

“आते, तो आवतणाचा धवला म्हण ना. रेकॉर्ड करून ठेवतो.”

तिचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. “तुना कनाला रे बाला? कोनाचा लगीन काढलास?”

“असंच. राहायला पाहिजे ना आपल्याकडे.”

तिने सगळा म्हटला. हात बोंबलांवरून थांबले नाहीत. मग म्हणाली, “नावा गेलेल्यांचीच घेवाची हां. जित्या मानसाला कनाला बोलवाचा? तो घरानच हाय.”

“बरं.”

“आनि बोलावला त वाटेला पन लावाला लागतं. मांडव उतरवताना म्हनाचा तो धवला येगला. नायतर ते बसूनच ऱ्हातान. थांब, तो पन घे.”

“नको, एवढं पुरे,” मी म्हणालो. पाच मिनिटांच्या गाण्यात निरोपाला जागा नव्हती.

मैथिलीला नावांची ओळ फार आवडली. मी तीन नावं दिली: कान्हा, विश्राम, कलावती. कान्हा माझे आजोबा. विश्राम त्यांचा भाऊ, खाडीत गेला तो. कलावती माझी आई.

“कुठून काढलीस ही नावं?” विनीतने विचारलं.

“जुनी वाटतात म्हणून,” मी म्हणालो.

त्या दिवशी पहिल्यांदा वास आला. गाळ्याला खिडकी नाही, भिंतींना फोम लावलेला, एसी चालू. आणि त्यात ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलाला येतो तसा ओला, खारट वास. मला वाटलं माझ्याच कपड्यांना येतोय. मी हळूच कॉलर हुंगली. भीती वाटायच्या आधी मला लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस बाकी काही बघत नाही.

“कसला वास येतोय?” मैथिली म्हणाली.

“गटाराचा असेल,” मी म्हणालो.

घरी येऊन मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं. नावं संपल्यावर, वाद्यं थांबल्यावर, कुणीतरी घसा साफ केला होता. आधी एक छोटं खाकरणं, मग एक लांब. मी विजेचे मीटर तपासणाऱ्या कंपनीत काम करतो. आवाज आला तर त्याला उगम असतो, हे मला शिकवलेलं आहे. एसीचा कॉम्प्रेसर बंद होताना असा आवाज करू शकतो, असं मी ठरवलं. फक्त आमचे आजोबा ताटावर बसण्याआधी असाच घसा साफ करायचे, ते डोक्यातून जाईना.

मग आत्या गाळ्यात आली.

आम्ही गाणं म्हणत होतो आणि दार उघडून ती उभी होती. डोक्यावर पाटी, कपाळावर घाम. मी घराची चावी विसरलो होतो आणि तिला संध्याकाळी एका हळदीला जायचं होतं. इथला पत्ता तिला मीच कधीतरी सांगितला असणार. सगळे थांबले. पाटीचा वास गाळाभर पसरला.

“कोण रे?” विनीतने हळूच विचारलं.

मी आत्याकडे बघितलं नाही. “आमच्याकडे मासे घेऊन येतात त्या. मनुबाई. चावी त्यांच्याकडे ठेवलेली.”

जन्मात कधी मी तिला अहोजाहो केलं नव्हतं. परक्या बाईला करतात तसं, चारचौघांत, तिच्यासमोर केलं.

तिने कमरेची चावी काढली. मग म्हणाली, “हां शेट. मी म्हावरंवाली.” चावी तिने अँप्लिफायरवर ठेवली. जाताना गाळ्यातल्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं आणि एका हाताने पाटी सावरत पदर कपाळावरून पुढे ओढला. घरात वडीलधारे बसलेले असले की ती ओढते, तसा. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली जाईपर्यंत मी तार सुरात लावत बसलो. ती सुरातच होती.

“ऐका ना,” मैथिली म्हणाली, “त्या ओळीला शेवटी एक नाव कमी पडतंय. मनुबाई कसं वाटतं?” तिने गाऊन दाखवलं. नाव चालीत असं बसलं की संदेशने न सांगता ठेका धरला.

“ते नको,” मी म्हणालो.

“का?”

उत्तर एका वाक्याचं होतं. ती जिवंत आहे, आणि ती माझी आत्या आहे. ते वाक्य घशापर्यंत आलं. पण मग आत्ता जिला मासेवाली म्हणालास ती कोण, हा प्रश्न त्याच्या मागोमाग आला असता.

“काही नाही,” मी म्हणालो. “चालेल.”

त्या रात्री आत्या हळदीहून उशिरा परतली. मला वाढलं, बाजूला बसली. माफी मागायची तर आधी काय केलं ते उच्चारावं लागणार होतं, म्हणून मी पाणी पिऊन उठलो.

पुढच्या प्रॅक्टिसनंतर घरी आलो तर ती पाय धरून बसलेली.

“मना हाक मारलीस काय रे दुपारच्याला?”

“नाही, आते.”

“बाजारान बसलेली. हाक आली तशी पाटी टाकून उठली. तीन हात नाक्यावर आली तवा भान आला.” ती हसली, पण डोळ्यांनी मला तपासत होती. “तुजा नव्हता आवाज. तुजे आयसचा वाटला.”

आम्ही गाणं म्हणत होतो तीच वेळ होती, आणि तो नाका आमच्या गाळ्याच्या वाटेवर होता. ऊन लागलं असेल, मी म्हणालो. डॉक्टरकडे जाऊ, म्हणालो. गाण्याचं काही म्हणालो नाही.

त्यानंतर प्रॅक्टिसगणिक ती थोडी थोडी कमी होत गेली. दुसरा शब्द मला सापडत नाही. चुलीपाशी गुणगुणणं थांबलं. शेजारची दक्षता हळदीचं सांगायला आली तर आत्या तिला म्हणाली, मना धवले नाय येत. दक्षताला वाटलं थट्टा करतेय. शनिवारी सकाळी आत्याने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “घ्या.”

मला वाटलं, रागावली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. राग माझ्या हक्काचा होता. उद्याचं एकदा होऊ दे, मग पाय धरतो, असं मी मनाशी म्हटलं. एक फोन करून मैथिलीला ते नाव गाळायला सांगता आलं असतं. फोन हातात घेऊन मी बराच वेळ बसलोही होतो.

रविवारी इस्टेट ओस पडलेली, पण पब भरला होता. खिडक्यांतून लख्ख ऊन येत होतं. अगदी आमच्यासमोर चार खुर्च्यांचं एक टेबल मात्र रिकामं होतं.

पहिली गाणी बरी गेली. मध्ये थांबलो तेव्हा वेटर माझ्याजवळ वाकला. “सर, हे पुढचं टेबल तुमच्या घरच्यांसाठी ठेवलंय ना? पाणी भरून ठेवतो, परत बघतो तर तीन ग्लास रिकामे. येतात कधी, जातात कधी, दिसत नाहीत.”

टेबलावर चौथा ग्लास उपडा होता. तीन खुर्च्यांखालची फरशी ओली होती. चिखलाचा वास आता मला एकट्याला येत असावा, कारण लोक हसत जेवत होते.

“तुमच्या घरचे आहेत का?” वेटरने पुन्हा विचारलं.

मैथिली ऐकत होती.

“नाही,” मी म्हणालो. “माझ्या घरचं कुणी नाही आलेलं.”

मग विनीतने मान हलवली आणि आमचं गाणं सुरू झालं.

लोक जेवता जेवता थांबले. मैथिली इतकी सुंदर कधीच गायली नव्हती.

कान्हा. विश्राम.

कलावती म्हणताना तिचा आवाज जरा खाली आला, आणि ओल्या फरशीवरची एक खुर्ची किंचित सरकली.

माझी बोटं थांबली. मैथिलीकडे बघून मी मान हलवली, नको, नको म्हणून. तिला वाटलं मी गाण्यात रंगलोय. तिने डोळे मिटले आणि चौथं नाव घेतलं.

आत्या जिन्यावरून वर आली.

हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोली. लग्नात गायला बसते तशी. कुणाला धक्का न लावता टेबलांमधून आली, चौथी खुर्ची ओढून टोकावर बसली, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

मी पुढे झालो आणि मैथिलीसमोरचा माइक ओढून घेतला.

“हे गाणं माझं नाही,” मी म्हणालो. माझा आवाज सगळ्या भिंतींवरून परत आला. “माझ्या आत्याचं आहे. मनुबाई. मी तिला मासेवाली म्हटलं. तिने मला वाढवलंय. ती बघा, तिथे बसलीय.”

सगळ्यांनी वळून त्या टेबलाकडे बघितलं. क्षणभर कुणाला काही कळेना. मग त्यांनी शिष्टाचार म्हणून टाळ्या वाजवल्या.

“कुठे?” मैथिलीने माझ्या कानाशी विचारलं. “दिपेश, कुठे बसलीय?”

मी पुन्हा बघितलं. चौथा ग्लास सुलटा झाला होता, आणि रिकामा होता.

बास तिथेच टाकून घरी आलो. उन्हं उतरली होती. दाराला मी सकाळी लावलेलं कुलूप तसंच होतं, आणि पायरीखाली आत्या उभी होती. रोजचं विटकं लुगडं, कमरेवर पाटी. मला रडूच आलं.

“आते,” मी म्हणालो, “मी सांगितलं सगळ्यांना. तू माझी आते आहेस, सांगितलं.”

गिऱ्हाईक लांबण लावतं तेव्हा ऐकतात तसं तिने ऐकून घेतलं. मग पाटीवरचं फडकं बाजूला केलं.

“म्हावरा घेता काय, शेट? ताजा हाय.”

मी कुलूप काढलं, दार ढकललं. “आत ये. आपलं घर आहे, आते. चल.”

ती पायरी चढली नाही. माझ्या खांद्यावरून तिने आतल्या अंधारात बघितलं आणि पदर कपाळावरून पुढे ओढला.

“नको शेट,” ती आवाज खाली आणून म्हणाली. “आत तुमची मानसा बसल्यान.”

फडकं नीट करून, पाटी डोक्यावर घेऊन ती दक्षताच्या दाराकडे वळली. तिला हाक मारायला मी तोंड उघडलं, पण कुठल्या नावाने मारायची ते सुचेना.

तेवढ्यात मागे, अंधाऱ्या खोलीत, कुणीतरी घसा साफ केला. आणि मग आत्याचाच आवाज आला, रोजचा, मायेचा.

“आलास बाला? दार लाव.”