जगनच्या हाताची भिंत

हवेचं नाव सांगू नको म्हणावं तुझ्या बापाला. खाडीची हवा, खारा वारा, वरची गच्ची गळते, बिल्डर चोर... तीन वर्षं तेच दळण. हवा काय एकाच भिंतीला चाटते? खाडीकडची भिंत वारा-पाऊस अंगावर घेते, ती कोरडी. आणि आतली, दोन खोल्यांच्या मधली, जिला वारा ठाऊक नाय, ती रडते? धनेशला म्हणावं, ह्या हैबतनं उभी हयात सिमेंटचा माल कालवण्यात घातली. त्याला हवा शिकवू नको.

बस खाली, साईराज. रंगासाठी चढायची घोडी न्यायला आलास ना? देतो. आधी ऐक. नितेश, दोस्ताबरोबर आलायस तर तू पण बस, आणि दात काढायचे असतील तर आत्ताच काढून घे.

तुझा जगनकाका. बापाचा थोरला भाऊ. ही हकिगत त्याची हाय. त्यानं मला सांगितलं आणि कुणाला सांगू नको म्हणाला. आज सांगतो.

दोघं भाऊ वडखळच्या पलीकडले, खाडीकाठचे. आईबाप मिठागरात राबले. तुझी आजी इंदुबाई, तिच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती, मिठाच्या फळीत चेचली होती. मिठाची रास लावली की ती वर पंजा उमटवायची. चार बोटांचा. म्हणायची, ही माझी रास, कोण हात लावतो बघू. आख्ख्या आगरात तसा दुसरा पंजा नव्हता.

आगर बुडालं. धनेश रोह्याला कंपनीत लागला. जगन गवंडी झाला आणि इकडं निडीला सासुरवाडीत घर बांधून राहिला. आई त्याच्याकडं. बारा वर्षं. तिला दम्यानं धरलं की हाच पाठ चोळायचा, रात्रभर. धनेश सणाला यायचा, मिठाईचा पुडा ठेवून जायचा. आणि म्हातारी त्या पुड्याचा दोरासुद्धा जपून ठेवायची. जगन बघायचा.

मग बावीस साली धनेशनं पेणला तो फ्लॅट घेतला. जुना, तिसरा माळा, खाडीच्या तोंडावर. काय अवस्था! छताचे पोपडे पडलेले, सळ्या गंजून फुगलेल्या, खिडकीचं लोखंड हातात यायचं. धनेश म्हणाला, दादा, तूच कर, दुसऱ्या कुणाचा हात मला नको. जगन व्हय म्हणाला. मी त्याच्या हाताखाली.

आणि त्याच आठवड्यात म्हातारी बोलली, "जग्या, मी आता धनूकडं राहीन रे. त्यानं माझ्यासाठी खोली काढलीय."

जगन जेवत होता. ताट सारलं, उठला. त्याची बायको शांतीवहिनी म्हणाली, "अहो, बारा दिवस राहतील नि येतील." हा म्हणाला, "बारा वर्षं मी, आणि खोली त्याची. चूप बस गो."

त्या दिवसापासून माणूस फिरला. काम मात्र सोन्यासारखं करत होता, खोटं का बोलू. सळ्या घासल्या, गंज काढला, बाहेरनं औषध मारलं. रेती खाडीची होती. खाडीची रेती गोड्या पाण्यात तीनदा धुवायची, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला पण कळतं. नायतर मीठ भिंतीत राहतं, आणि मीठ पाणी ओढतं. ती भिंत जन्मात सुकत नाय.

सगळी रेती मी धुतली. शेवटी राहिली म्हातारीच्या पलंगामागची भिंत. त्या सकाळी मी गेलो तर जगननं माल आधीच कालवून ठेवलेला. मी चिमूट जिभेवर ठेवली. खारट.

म्हटलं, "जगन, ही धुतली नाय."

म्हणाला, "पाटी उचल."

मी उचलली. ते माझं पाप हाय, ते मी नाकारत नाय.

त्याचा हिशोब सरळ होता. खोली ओलसर होईल, म्हातारी खोकेल, कंटाळेल, म्हणेल मला जग्याकडं न्या. एका पावसाळ्याचं काम. आई परत येईल. त्याला दुसरं काय नको होतं.

म्हातारी आली नाय. पावसाळाभर खोकली आणि भादव्यात गेली. त्याच खोलीत.

जगन रडला नाय. मयताला धनेश गळ्यात पडला, तर ह्यानं त्याला बाजूला केला. वरसभर तिकडं फिरकला नाय.

आता नीट ऐक. तेवीस साल. सतरा जुलै, सोमवार. आवस, दिव्याची. लोक म्हणतील गटारी होती, प्यायला असेल. सोमवार होता. जगन सोमवारी थेंब घेत नाय, मासळी पण नाय.

धनेशनं फोन केला, "दादा, भिंत एकदा बघून जा, रंग टिकत नाय." हा संध्याकाळी पोचला. धनेश रातपाळीला निघालेला. तू तेव्हा पनवेलला होतास. मनस्वीवहिनीनं, तुझ्या आईनं, चहा दिला. बोलता बोलता म्हणाली, "भाऊजी, आम्ही तेव्हाच फोडणार होतो ही भिंत. गडी पण ठरवला होता. आईंनी फोडू दिली नाय. म्हणाल्या, जग्याच्या हाताची हाय, हात लावाल तर बघा. पलंगसुद्धा भिंतीला चिकटवून घेतला. पाठ टेकून बसायच्या."

जगननं कप खाली ठेवला.

"आणि ही खोलीच का हवी होती ठाऊक हाय? खिडकीतनं जुनं आगर दिसतं. तेवढ्यासाठी."

बारा वर्षांत जगननं तिला विचारलं नव्हतं, आये, तुला काय बघावंसं वाटतं?

पाऊस धरला. वहिनी म्हणाली, आता कुठं जाता, झोपा इथंच. ती माहेरच्या कुणा आजाऱ्याजवळ रात्र काढायला गेली, जवळच, सकाळी येते म्हणाली. जगन एकटा. त्या खोलीत. त्या पलंगावर.

दोनला दहा कमी. मोबाइल बघितला त्यानं. लाइट गेलेली. पाऊस थांबलेला. सगळं गप.

खर्र...

उंदीर असेल.

खर्र... खर्र...

उंदीर नाय. ह्या आवाजात तो लहानाचा मोठा झाला होता. मीठ ओढायची फळी. लांब ओढ, मग थांबणं, मग श्वास. पुन्हा ओढ. आवाज भिंतीच्या आतनं.

तो उठून बसला. "आये?"

आवाज थांबला.

बराच वेळ काय नाय...

मग खोकला. एकदाच. भिंतीतनं. दम लागल्यावर ती तोंडावर पदर धरून खोकायची, तसा.

जगननं हात पुढं केला. भिंतीवर ठेवला. ओली. पण गार नाय... कोमट. घामेजल्या पाठीसारखी.

रोज रात्री चोळायचा तशी.

आणि ती पाठ... त्याच्या हातावर रेलली.

...

तो कसा उतरला, त्यालाच ठाऊक नाय. चपला वरच राहिल्या. हायवेला दुधाचा टेम्पो मिळाला, कोलाडकडं चाललेला. उजाडता उजाडता निडीला. मी परसाकडं निघालो होतो. बघतो तर हा अनवाणी, उजवा हात धरून उभा. म्हणाला, "हैबत, दार तू उघड."

शांतीवहिनी गावातल्याच माहेरी झोपायला गेलेली. कुलूप बाहेरनं लावलेलं, किल्ली जगनच्या खिशात. मी उघडलं. मी, ह्या हातांनी.

आतल्या खोलीत म्हातारीचा पलंग असायचा त्या जागी, जमिनीवर, मिठाची रास. गुडघ्याएवढी. सांग मला, जुलै महिना, बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. ही रास कोरडी. ठणठणीत.

वर पंजा.

चार बोटांचा.

जगन तिच्यासमोर बसला. त्याला आई परत हवी होती ना...

त्या दिवसापासून त्याच्या ताटात मीठ नाय. तो ती खोली उघडत नाय, मी विचारत नाय.

काय रे नितेश, हसत नायस? आणि साईराज, तू खाली बघू नको, माझ्याकडं बघ. म्हातारी फोडू नको म्हणाली होती, तेच बोलणार ना तू? म्हातारी गेली. तुझी बायको किमया गुरुवारी बाळ घेऊन येतेय. बारा दिवसांचं पोर. आणि पाळणा तुम्ही त्याच भिंतीला लावताय, वर नवा रंग फासून. ते खारं अजून आत हाय, आणि त्याच्याबरोबर जे काय हाय ते पण आत हाय.

घोडी मिळणार नाय. तो कोपऱ्यातला घण उचल. उद्या सकाळी ती भिंत फोड, विटेपर्यंत.