चांदणी चालत नाही

मी दातांच्या कवळ्या बनवते. जबडा जसा असेल तशी कवळी करायची, कवळीसाठी जबडा तासायचा नाही, एवढी अक्कल मला आहे. त्या वेबसाइटवाल्यांना नाही.

माझा धाकटा भाऊ गेल्या हिवाळ्यात गेला. मला पाठवलेले त्याचे सगळे आवाजी निरोप त्यांच्याकडे साठवलेले. त्याचा आवाज आता तेवढाच उरलाय. पासवर्ड त्यानेच ठेवलेला, शेवटी एक चांदणी, म्हणजे ते * चिन्ह. आता यांनी फतवा काढला, पासवर्डमध्ये चिन्हं नकोत. आज पाचच्या आत नवा घ्या, नाहीतर खातं कायमचं बंद. नवा घ्यायला आधी जुना टाकावा लागतो आणि जुना टाकला की चौकट लाल होते. ‘हे चिन्ह चालत नाही.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुपारचं काम तसंच टाकून मी त्यांच्या ऑफिसात धडकले.

“तेव्हा चांदणी चालली ना तुम्हाला? मग आता काय धाड भरली?”

“मॅडम, नियम वरून आलाय,” काउंटरवरची बाई म्हणाली. तिने खातं शोधलं आणि जरा पुढे वाकली. “पण हे तर उघडंच आहे. कुणीतरी आत आहे.”

“कोण?”

“दिसत नाही. हिवाळ्यात शिरलेत, बाहेर पडलेले नाहीत.” ती थांबली. “आजचा एक निरोपही आहे.”

तिने तो लावला. आधी नुसती घरघर. मग धाकट्याचा आवाज, दमलेला.

“ताई, मी केव्हाचा टाकतोय गं. घेतच नाहीये.”

मी काउंटरवर हात आपटला. “चांदणी चालू करा. आत्ताच्या आत्ता.”

तिने स्पीकरवर साहेबांना फोन लावला. “एकासाठी नियम बदलत नाही,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. मी त्यांना नाही नाही ते बोलले. ऐकायला पलीकडे कुणी नव्हतं.

पडद्यावरच्या चौकटीत ठिपके उमटू लागले.

बाईचे दोन्ही हात मांडीवर होते.

चौकट लाल झाली. पुन्हा ठिपके. पुन्हा लाल. आता घाईघाईने.

पाच वाजले. ‘हे खाते बंद झाले आहे.’

ठिपके थांबले नाहीत. फक्त आता ते फार सावकाश पडत होते.