मध्यमाखालची काडी

सोसायटीच्या गोदामात ठेवायला दिलेली दादांची पेटी मी त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये घरी आणली, तिथून हे सुरू झालं. दादा, म्हणजे माझे वडील, बेंबळीच्या गायनपार्टीचे पेटीवाले. दुष्काळात पार्टी मोडली. दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले आणि हातोडा हातात असतानाच वारले. मी तेव्हा नागपूरला शिकत होतो. त्यांचं शेवटचं पत्र खिशातच होतं : ‘ये. आधी भूप शिकवतो.’

भूपात पाचच सूर. म आणि नी नाहीत. शिकणाऱ्याचं बोट घसरू नये म्हणून दादा त्या पट्ट्यांखाली आगकाडी खोचत. राग बसला की स्वतःच्या हातानं काढून घेत.

चौदा एप्रिलच्या जयंतीला पार्टी पुन्हा उभी करायचीच, असं मी ठरवलं होतं. भर दुपारी, तापलेल्या भिंतींचा करपट वास घरात कोंडलेला असताना, एकटाच शिकायला बसलो. सा, रे, ग... बोट मवर घसरलं. पट्टी खाली गेलीच नाही.

काडी राहिली असेल म्हणून पेटी उघडली. काडी नव्हती. नुसता म दाबला, तर स्वच्छ वाजला. पुन्हा भूप धरला, पुन्हा चुकलो. पट्टी अडली. खालून कुणी बोट लावावं तशी... हळूच.

आई दाराशी रेशनचा मिलो, ती तांबडी परदेशी ज्वारी, निवडत होती.

“अडली?”

“तुला कसं कळलं?”

“चुकलं की असंच गप करायचे ते. वरडले न्हाईत कधी.”

मग रोज दुपारी ती तिथंच बसू लागली. एप्रिलात माझी बोटं सरळ चालू लागली, तसा तिचा हात सुपात थांबायचा.

“लई नीट वाजवायलास... एकदा चूक की रं.”

मी चुकायचो. दोघं श्वास धरून ऐकायचो, न वाजलेला तो सूर.

जयंतीच्या आदल्या दिवशी पार्टीतले लोक ऐकायला आले. त्यांच्यासमोर चुकणं शक्य नव्हतं. डोळे मिटून सबंध भूप वाजवला.

“थेट बापाचा हात!” बलभीमकाका म्हणाले.

सगळे गेल्यावर आई जवळ आली.

“आता चूक...”

सा, रे, ग... मुद्दाम मवर घसरलो. म वाजला. मोठ्यानं वाजला.

आईनं सतरंजीकडं बोट केलं. पेटीपाशी दोन आगकाड्या पडल्या होत्या. आमच्या घरात काडेपेटी नव्हती. आई शेजारून विस्तव आणायची. मी त्या उचलल्या. खडीच्या भुकटीनं माखलेल्या होत्या, आणि ओल्या... घामेजल्या मुठीतून आत्ताच निसटल्यासारख्या.