मास्तरांनी पाडलेली भिंत

हे खोटं निघालं, तर माझे उरलेले चार दात आजच पडू देत.

साल १९५४, चैत्र महिना, गाव आर्वी. आणि वेळ भर दुपारची, एकची. भुताला अंधारच लागतो, असं कोणी सांगितलं तुम्हाला?

नरहर मास्तरांचं माडीवरचं जुनं, दोन खोल्यांचं घर. पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर. सासऱ्यांसमोर नवऱ्याला हाक कशी मारायची, म्हणून त्यांची बायको सुनीती आतून मधल्या भिंतीवर बांगड्या वाजवी. तीनदा. म्हणजे ताट वाढलं.

सासरे गेले. सवय राहिली.

मग सुनीतीही गेली.

तेराव्यानंतर... एक वाजता... आतून बांगड्या वाजल्या.

मास्तर उठले. चूल थंड. कोणी नाही.

महिनाभर हेच. ते रडले नाहीत, घाबरलेही नाहीत. उठायचे, बघायचे, परत येऊन बसायचे. घास तेवढा उतरेना. अंगावर नुसती हाडं राहिली, तेव्हा त्यांनी डोमाजी गवंड्याला बोलावलं.

"भिंत पाड. सगळी एकच खोली कर. आणि रंग दे, हवे तितके."

"काऊन गुरुजी, नाटक कंपनी काढून राह्यले का?"

मास्तर हसले नाहीत.

भिंत गेली. खिडकीपासून चुलीपर्यंत घर मोकळं झालं. एक बाजू हळदीसारखी पिवळी, एक पोपटी, चुलीमागे निळी. विटा डोमाजीनं आपल्या गावी, रोहण्याला नेल्या, गोठा बांधायला.

एक वाजला... काही नाही.

मास्तर चार घास जेवले. चव लागली नाही, पण जेवले.

आठव्या दिवशी डोमाजी दारात उभा.

"गुरुजी, विटा वापस घ्या. गोठ्यात रोज दुपारी बांगड्या वाजून राह्यल्या... तीनदा. काल चुकून म्हणून गेलो, 'हो, आलो'. तवापासून मले भूकच नाई."

मास्तर निळ्या भिंतीकडे वळले. मग म्हणाले, "मला म्हणायचं सुचलंच नाही रे."

त्याच दिवशी बैलगाडी जुंपून विटा परत आणल्या. रंगीत खोलीच्या मधोमध भिंत पुन्हा उभी राहिली. मास्तर रोज एक वाजता बैठकीत बसू लागले. 'हो, आलो' म्हणायला.

वाजलं नाही. मरेपर्यंत नाही.

बैलगाडी माझी होती. एक वीट गाडीतच राहिली. माझ्या खाटेचा पाय डुगडुगत होता, त्याखाली दिली. मास्तर असतानाच परत करायला हवी होती.

मी साडेबारालाच जेवून घेतो. मग खाटेवर पडतो... तोंडात धोतराचा बोळा धरून.

अजून तरी मी 'हो' म्हटलेलं नाही.