काविळीची माळ

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं महिपती आबांनी आम्हाला शपथ घालून बजावलं होतं. म्हणून मी बोलत नाही, नुसती लिहिते आहे.

परवा आमच्या भाजे गावात वीज गेली तेव्हा आम्ही पोरं आबांच्या ओट्यावर बसलो होतो. आबांनी आधी रस्त्यावर कुणी नाही ना, ते पाहिलं. मग म्हणाले, "बजरंगानं हे माज्याबिगर कुनाला सांगितलं न्हाई."

मागच्या वर्षीची मार्गशीर्षातली अमावस्या. गावचा रिक्षावाला बजरंग दोन पाहुण्यांना कुसगावच्या हॉटेलात सोडायला रिक्षा काढत होता. नेहमीची फेरी. दारात त्याची धाकटी बहीण चंपा भिंतीला धरून उभी होती. डोळे हळदीसारखे पिवळे, आणि गळ्यात काविळीची माळ.

ही बारीक काड्यांची माळ आधी डोक्यावर बसते. मग वाढत वाढत गळ्यात येते, पोटापर्यंत उतरते. माळ वाढली की कावीळ उतरली, असं म्हणतात. चंपाची छातीपर्यंत आली होती. आई खूश होती.

पण चंपाला कावीळ नव्हतीच. तिला ल्युपस होता. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजरंगाला समोर बसवून समजावलं होतं, "हिचं शरीर हिचंच रक्त फोडतंय, म्हणून डोळे पिवळे. घरचाच माणूस घर फोडतो ना, तसं. गोळ्या एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत." गोळ्यांनी रक्त टिकलं, पण चंपाचं तोंड सुजलं. तेवढ्यात टाकव्याहून स्थळ आलं. मुलगी दाखवायच्या आत सूज उतरावी म्हणून बजरंगाने गोळ्या लपवल्या आणि तिला सांगितलं, बाईंचा फोन आला होता, आता बंद करायच्या. चंपाने एका शब्दाने विचारलं नाही. दादा म्हणतो म्हणजे झालं.

त्या संध्याकाळी मात्र तिने विचारलं. धापा टाकत.

"दादा, बाई खरंच तसं म्हनल्या?"

"व्हय गं. मी तुज्याशी खोटं बोलंन व्हय?"

"मग मला असं का होतंय?"

"माळ वाढतीय न्हवं? उतरंल. जा, पड जरा."

माळ खरी ठरावी, असं त्यालाही फार वाटत होतं.

पाहुणे उतरले. रिकामी रिक्षा परत फिरली. मळवलीचं फाटक पडलेलं होतं. त्याने इंजिन बंद केलं. मालगाडी संपता संपेना.

मागची सीट करकरली.

त्याने आरशात पाहिलं. चंपा.

"अगं... तू हितं कशी?"

मालगाडी गेली. फाटक मात्र उघडेना.

"दादा."

"बाई खरंच तसं म्हनल्या?"

आता धाप नव्हती. श्वासही नव्हता.

बजरंगाने आरशातून नजर काढली.

"न्हाई... फोन आलाच न्हवता."

मागून, अगदी हळू...

"मी तुलाच इचारलं व्हतं, दादा. दुसऱ्या कुनाला न्हाई."

तो वळला. सीट रिकामी.

घरापुढे माणसं जमली होती. तो कुसगावात असतानाच चंपा गेली होती.

माळ वाहत्या पाण्यात सोडतात, म्हणून बजरंगानेच ती इंद्रायणीत सोडली. सकाळी ती रिक्षाच्या आरशाला टांगलेली होती. ओली. त्याने पुन्हा सोडली, तेव्हा आबा सोबत होते. पुन्हा आली. आता तो तिला हात लावत नाही.

मी रोज त्याच रिक्षाने लोणावळ्याला शाळेत जाते. आबा म्हणतात, माळ अजून वाढते. मला वाटलं, आम्हाला घाबरवायला म्हणत असतील. वाळक्या काड्या कशा वाढतील? दिवाळीआधी ती आरशाखाली वीतभर होती, मी पाहिली आहे. पण काल...

"समे, आवर की! बजरंगमामा कधीचा हॉर्न वाजवतोय!"

आले आई, एवढंच लिहिते. काल मी मागे एकटीच बसले होते, आणि माळेचं टोक माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटवर